पन्हाळीचं दुसरं टोक

लग्न होऊन आले तेव्हा मला टिनाच्या कामातलं काहीच कळत नव्हतं. माझं माहेर सालेकसाकडचं. घरी धानाची शेती, आणि उन्हाळ्यात आम्ही सगळे मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला जंगलात. नवरा मुलगा टिनाचं काम करतो एवढंच काकाने सांगितलं होतं. मला वाटलं, बादल्या-कोठ्या बनवून विकत असेल. सौंदडजवळच्या या गावात आले तेव्हा कळलं की हे लोकांच्या छपरांना पन्हाळी बसवतात. राइस मिल, शाळा, गोठा, देवळापुढचा मंडप, जिथे जिथे टिनाचं छप्पर तिथे वळचणीचं पाणी एका बाजूला नेणारी पन्हाळ लागते.

पन्हाळ अखंड नसते. पत्रा वाकवून केलेले लांब तुकडे एकात एक घालून जोडायचे असतात. वरच्या अंगाचा तुकडा आत, खालच्या अंगाचा बाहेर, म्हणजे पाणी सांध्यात शिरत नाही. मध्ये सिलिकॉन लावायचं, मग भोकं पाडून रिबिटचे खिळे मारायचे. ऐकायला सोपं आहे. पण पत्रा हा उड्या मारणारा असतो. ड्रिलचं टोक लागलं की दोन्ही तुकडे एकमेकांपासून फाकतात, सिलिकॉन सुटतं, आणि तो सांधा पहिल्याच पावसाळ्यात गळायला लागतो. म्हणून एकाने दोन्ही हातांनी सांधा घट्ट दाबून धरायचा आणि दुसऱ्याने काम करायचं, असंच सगळीकडे चालतं.

आमच्याकडे सांधा धरायला माझे दीर होते. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी त्यांना रायपूरकडे कारखान्यात काम मिळालं आणि ते निघून गेले. यांनी दोन-तीन माणसं ठेवून पाहिली. एक जण यायचाच नाही, दुसऱ्याला उंचावर चक्कर यायची. एक दिवस हे चहा पिता पिता, माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तू येशील काय? नुसतं धराचं हाय."

सासूबाई चुलीजवळून ओरडल्या, "सुनेले छपरावर चढवतं काय रे? लोक काय म्हणतीन?"

"लोक सांधा धराले येतेत काय?" हे म्हणाले.

मी साडीवर यांचा जुना शर्ट घातला, पदर कमरेला खोचला आणि गेले. जंगलात झाडांवर चढलेली होते, शिडीची भीती वाटली नाही. भीती वाटली ती यांच्याशी दिवसभर एकटं राहायची. कारण तोवर आमचं बोलणंच झालं नव्हतं म्हणा ना. हे घरात बोलायचेच नाहीत. जेवण वाढलं की जेवायचे, विचारलं तर हो किंवा नाही. आईसमोर बायकोशी बोलायचं नाही असं काही आमच्या घरात कोणी सांगितलेलं नव्हतं, पण यांना ते जमायचं नाही. मला वाटायचं, मी यांना आवडले नसेन.

आणि त्या पहिल्या दिवशी, एका शाळेच्या छपराशी, दोन शिड्यांवर आम्ही दोघं समोरासमोर, मध्ये पन्हाळीचा सांधा, आणि हे बोलायला लागले. आधी कामाचंच. अंगठा खालून लाव. ढिला नको सोडू. मग म्हणाले, "तुया हात पक्का हाय." मग ती शाळा त्यांची स्वतःची होती हे सांगितलं. कोणत्या खिडकीतून पळून जायचे ते दाखवलं. गुरुजींची नक्कल केली. मी हसले तर म्हणाले, "हसू नको, पत्रा हलते." पण तेही हसत होते.

तेव्हापासून तसंच झालं. शिडीवरून उतरलं की हे पुन्हा मुके. सायकलवर मागे शिड्या बांधून घरी येईपर्यंत एक शब्द नाही. पुढे मोटरसायकल आली तरी तसंच. पण वर चढले, डोळे सांध्यावर असले, हातांना काम असलं की यांचं बोलणं सुरू व्हायचं. मला वाटतं, तोंडाकडे कोणी पाहत नसलं की त्यांना बोलता यायचं.

आमचं पहिलं मूल गेलं तेही असंच बोललं गेलं. पोटात असतानाच, सहाव्या महिन्यात गेलं. सासूबाईंनी घरात त्याचा विषय काढायचा नाही असं ठरवून टाकलं, मला बरं वाटावं म्हणून असेल. हे तर एक शब्द बोलले नाहीत. मी तशाच अशक्त अंगाने कामाला परत गेले तेव्हा एका गोठ्याचं काम चालू होतं. यांनी एक रिबिट मारला आणि मान वर न करता विचारलं, "पोट्टा होता का पोट्टी? मी विचारलंच नाई कोनाले."

"पोट्टी."

यांनी पुढचं भोक पाडलं. मग म्हणाले, "मले वाटलंच होतं. नाव बी मनात धरून ठेवलं होतं."

मला रडू फुटलं. यांच्याही डोळ्यांतून पाणी येत होतं. पण माझे दोन्ही हात सांध्यावर आणि यांच्या हातात ड्रिल. डोळे पुसायला कोणाचाच हात मोकळा नव्हता. खाली गोठ्याचा मालक म्हशीला पाणी पाजत उभा होता, त्याला वाटलं असेल घाम गळतोय.

मग आमची मुलगी झाली. ती सासूबाईंजवळ राहायची आणि मी कामावर जायची. राइस मिलच्या कामाला गोंदियाला गेलो की येताना तिच्यासाठी काही ना काही आणायचो. असे पुष्कळ दिवस चांगले गेले. बिरसीच्या विमानतळाकडे काम असलं की डोक्यावरून शिकाऊ विमानं गोल गोल फिरायची. हे सांधा अर्धा टाकून वर बघत राहायचे आणि मी धरून धरून कंटाळायची.

मुलगी आठवीत-नववीत असेल, तेव्हा माझा उजवा खांदा धरला. आधी नुसता ठणका लागायचा. मग हात खांद्याच्या वर जाईना. मी यांना सांगितलं नाही. डाव्या हातावर भार घ्यायची आणि उजवा नुसता लावून ठेवायची. मला ठाऊक होतं, सांगितलं की घरी बसवतील.

एका राइस मिलचं काम होतं, जेठातलं ऊन, पत्रा इतका तापलेला की कापडाची घडी करून धरावा लागायचा. सांधा धरलेला असताना माझ्या खांद्यातून कळ गेली आणि हात सुटला. तुकडा एका बाजूने खाली लोंबला आणि त्याची धार यांच्या मनगटाला लागली. बरंच रक्त गेलं. मिलचा सेठ धावत आला, पाणी आणलं, कापड आणलं. माझ्याकडे बघून यांना म्हणाला, "भैया, भाभी को अब आराम दो. कोई और आदमी रख लो."

हे माझ्या खांद्याकडे बघत होते. मी हात पोटाशी धरून उभी होते, तेवढ्यावरून त्यांना सगळं कळलं.

मनगटाला टाके पडले. त्या दिवसांत हे रोज सकाळी मोठ्या रस्त्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानात जाऊन बसायचे. काय करता विचारलं तर सांगायचे नाहीत. एका दुपारी पिशवीतून काहीतरी जड वस्तू घेऊन आले आणि मला अंगणात बोलावलं. सासूबाईंनाही बोलावलं, मुलीलाही.

लोखंडाचा शिकंजा होता. जुन्या खाटेच्या पट्ट्या पन्हाळीच्या आकाराने वाकवून दोन जबडे केलेले, एक आतून बसणारा, एक बाहेरून. वरच्या बाजूला आटे पाडलेला दांडा आणि फिरवायला मूठ. पत्र्याचा रंग खरवडू नये म्हणून जबड्यांना आतून सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले होते. यांनी आमच्याच ओसरीच्या पन्हाळीवर तो चढवला, मूठ फिरवली, आणि सांधा धरून जोरात हलवून दाखवला. जरासुद्धा हलला नाही.

"पाह्य," हे म्हणाले. इतक्या मोठ्याने ते घरात कधी बोलले नव्हते. "मानसापेक्षा घट्ट धरते. आता तुले वर चढाची गरज नाई."

मुलीने टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, "बरं केलं रे बाबू. सुनेचा तरास वाचला." मीही म्हटलं, छान झालंय. मूठ फिरवून बघितली. मग भात टाकायचा राहिलाय म्हणून आत गेले, आणि तांदूळ धुता धुता मला इतकं वाईट वाटलं की तांदळाचं पाणी फेकायचं सोडून तशीच बसून राहिले. माझ्यासाठी कोणी एवढं केलं नव्हतं. तरी मला वाटत होतं की माझं काहीतरी काढून घेतलं.

यांनी तसे आणखी शिकंजे बनवून घेतले आणि एकटेच कामाला जायला लागले. दोन सांध्यांना दोन शिकंजे लावले की झालं. लोक कौतुक करायचे. खांद्याला शेक देत मी घरी राहिले, पुढे बऱ्यापैकी बरीही झाले. तेव्हा एकदा म्हटलं, "शिडी धराले येऊ काय?"

"कायले येतं? उन्हात जीव काढाले?" हे म्हणाले आणि मोटरसायकलला किक मारली.

ते काळजीने म्हणत होते हे मला कळत होतं. पण संध्याकाळी परत आले की हातपाय धुवायचे, जेवायचे आणि बाहेर खाटेवर पडायचे. कुठे काम होतं विचारलं तर गावाचं नाव सांगायचे, बस. सासूबाई वारल्या तेव्हाही आम्ही दोघं एका खोलीत बसून होतो आणि बोललो नाही. शिडीवर असतो तर बोललो असतो, असं माझ्या मनात येऊन गेलं.

यांना खर्ऱ्याची सवय होती. इकडे कोणाला नसते? सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली ती पुडी कामावरच्या माणसाच्या खिशात असतेच. मी बरोबर असायची तेव्हा मी ओरडायची, आणि हे एक पुडी दोन दिवस पुरवायचे. एकटे जायला लागल्यावर किती खायचे ते मला कळत नव्हतं. डबा रोज रिकामा यायचा. संध्याकाळी मात्र म्हणायचे, तिखट नको, वरणात भात कालवून दे. मला वाटलं, वय झालं, पोट बिघडत असेल.

माझ्या आत्येबहिणीच्या मुलीचं लग्न होतं बिरसीला. जेवणाच्या पंगतीत व्याही मंडळी आग्रह करत फिरत होती. एका पाहुण्याने जिलेबी थेट यांच्या तोंडाशी नेली. हे नको नको म्हणत मागे सरले. पाहुणा ऐकेना, म्हणाला, "अहो जावई, तोंड उघडा." आणि मला दिसलं की यांचं तोंड उघडतच नाहीये. एक बोट जाईल एवढीच फट. जिलेबीचा पाक हनुवटीवरून सदऱ्यावर ओघळला. हे हसल्यासारखं करत होते. पंगतीतले सगळे हसत होते.

मी घरी येईपर्यंत थांबले नाही. मंडपाबाहेर मोटरसायकलपाशीच विचारलं. यांनी तोंड दुसरीकडे वळवून सांगितलं, जिभेच्या बाजूला एक जखम आहे, भरत नाही.

गोंदियाच्या डॉक्टरने बॅटरीचा उजेड पाडून पाहिलं आणि नागपूरला जायला सांगितलं. "कबसे है?" त्याने विचारलं.

"दिवाली से," हे म्हणाले. आणि तेव्हा होळी होऊन गेली होती.

बाहेर बाकावर बसल्यावर मी म्हटलं, "मले काऊन नाई सांगतलं? डबा कोन खाये मंग?"

"कुत्र्यायले टाको."

"पन सांगाचं तं होतं."

हे आपल्या हातांकडे बघत राहिले. "कुठी सांगू?" ते म्हणाले. "घरी जमे नाई. आन वर तू राहत नव्हती."

नागपूरला तपासण्या झाल्या. डॉक्टर बाई समजूतदार होत्या. त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की जिभेचा बराच भाग काढावा लागेल, नंतर बोलणं स्पष्ट येणार नाही, कदाचित येणारच नाही. मी यांना ते सांगितलं. लपवावंसं वाटलं नाही. ऑपरेशनच्या आदल्या दुपारी आम्ही दवाखान्याच्या मागच्या बाजूला एका झाडाखाली बसलो होतो. मी म्हटलं, "जे बोलाचं हाय ते बोलून घ्या."

"असं बोल म्हटलं तं काय बोलू मी?" हे म्हणाले.

आम्ही तसेच बसलो. समोर दवाखान्याचं सायकल ठेवायचं शेड होतं. यांची नजर त्याच्या पन्हाळीवर गेली. "पाह्य, उलटा जोडला," ते म्हणाले. "खालचा तुकडा आत घातला. पानी सांध्यातूनच गळत असन." आणि त्या गळक्या सांध्याकडे बघत ते बोलायला लागले. तोंड नीट उघडत नव्हतं, शब्द दाबून येत होते, पण मला सगळं कळत होतं. त्यांच्या बापाबद्दल बोलले, रायपूरच्या भावाबद्दल बोलले. मुलीला नर्सिंगला घालायचं, लग्नाची घाई करायची नाही, म्हणाले. ऊन झाडाच्या बुंध्यावरून सरकून भिंतीवर गेलं तरी बोलतच होते.

मग म्हणाले, "मी तो शिकंजा बनवला तं तुले राग आला होता ना?"

"आला होता."

"तं बोलली काऊन नाई?"

"तुमी एवढे खूश होते. कसं बोलू?"

"मले वाटे, तुया हात दुखते आन तू माह्यासाठी येतं. म्हून बनवला."

"माहीत होतं मले," मी म्हटलं. "पन मले यावं वाटे."

"मले बी करमत नव्हतं तिथी एकट्याले," हे म्हणाले. "शिकंज्याशी बोलतेत काय?" आणि आम्ही दोघंही हसलो. हसताना यांना तोंडात कळ आली आणि ते गालाला हात लावून बसले. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. दवाखान्यातली माणसं येत-जात होती. आयुष्यात पहिल्यांदा मी चारचौघांत यांच्या अंगाला हात लावला असेन.

ऑपरेशननंतर यांचं बोलणं गेलं. आवाज यायचा, शब्द व्हायचे नाहीत. मुलीने पाटी आणून दिली, पण यांनी तिच्यावर कधी काही लिहिलं नाही. जेवण पातळ करून नळीने द्यावं लागायचं. अंगातली ताकद गेली तरी ओसरीवर बसून अवजारं पुसायचे.

त्या पावसाळ्याआधी शेजारच्या बाईंनी बकऱ्यांसाठी टिनाचं शेड घातलं आणि विचारलं की पन्हाळीसाठी कोणी माहीतगार आहे का. यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. मला वाटलं चेष्टा करतात. पण दुसऱ्या दिवशी सकाळी यांनी शिडी बाहेर काढून ठेवली होती. मी यांचा शर्ट घातला आणि वर चढले. शिकंजा लावला, मूठ आवळली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ड्रिल स्वतःच्या हातात घेतलं. हे खाली शिडी धरून उभे. चुकलं की शिडीवर बोटाने ठोकायचे. मी थांबायची, खाली बघायची, ते हाताने दाखवायचे.

त्या दिवशी मीच बोलत होते. वरून काय काय दिसतं ते सांगत होते. कोणाच्या छपरावर भोपळ्याचा वेल गेलाय, कोण रस्त्याने चाललंय, कोणाच्या धानाच्या बांधीत अजून नांगर लागला नाही. मग माझ्या माहेरचं सांगितलं, जे इतक्या वर्षांत सांगायचं राहून गेलं होतं. हे मान वर करून ऐकत होते. ओठांच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती रुमालाने टिपायचे आणि पुन्हा वर बघायचे.

ते एकच काम आम्ही केलं. नंतर गळ्याला गाठ आली. धान कापून खळ्यावर आलं तेव्हा हे गेले. रायपूरहून दीर आले होते, त्यांनी सगळं केलं. अवजारांची पेटी मी वेल्डिंगच्या दुकानवाल्याला देऊन टाकली, शिकंजेही त्यातच गेले. तो म्हणाला, एखादा तरी ठेवा भाभी. मी ठेवला नाही. आता मी गावातल्या अंगणवाडीत मुलांचं जेवण शिजवते. तिथे बोलायला कमी नसतं.

मुलगी गोंदियाला नर्सिंग शिकते, सुटीला येते. मागच्या वेळी जेवताना, बाबा शिडीवर बोलायचे असं माझ्या तोंडून निघालं, तर तिने विचारलं, "आई, बाबा वर शिडीवर काय बोलायचे?" मी तिला यांच्या लहानपणची मंडईची गोष्ट सांगितली. दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरली होती. यांच्या बापाने घरी बनवलेली टिनाची नरसाळी विकायला यांना पाठवलं. हे दंडारीचं नाटक बघत बसले आणि सगळी नरसाळी एका खेळणीवाल्याला देऊन त्याबदल्यात एक पिपाणी घेऊन आले. आता मार पडणार म्हणून दारातच थांबले. बापाने पिपाणी हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली, आणि ओट्यावर बसून स्वतःच वाजवायला लागला. आईने येऊन हिसकावून घेईपर्यंत वाजवत राहिला.

मुलगी हसत होती. मी यांच्यासारखं सांगायचा प्रयत्न केला होता, पिपाणीचा आवाजही काढला होता. हसता हसता ती थांबली.

"बाबा असं बोलायचे?" ती म्हणाली. "नक्कल करून?"

"हो. लय बोलायचे."

तिने ताटातला भात बोटाने इकडून तिकडे केला. "मंग माह्याशी काऊन नाई बोलले कधी?"

तिला कधी वर नेलंच नव्हतं, पडेल म्हणून. ते मी सांगितलं असतं तरी तिला काय उपयोग होता? मी तिच्या जवळ सरकून बसले. ताटं तशीच होती, आमचे हात सुकले तरी आम्ही उठलो नाही.